श्रीस्थानकाची सकाळ : शिलाहारांच्या राजधानीतील वारसा फेरीविषयी

मासुंदा तलावाच्या काठावरून रविवारी सकाळी निघणारी ही वारसा फेरी जुन्या ठाण्याची, म्हणजे शिलालेख-ताम्रपटांतील ‘श्रीस्थानका’ची ओळख करून देते. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी इ. स. ८०० च्या सुमारास सुरू झालेले आपले राज्य १२६५ च्या आसपास देवगिरीच्या यादवांकडून पराभूत होईपर्यंत राखले आणि त्या काळात ठाणे ही त्यांची राजधानी होती. मात्र राजवाडा किंवा वेशीचे दरवाजे पाहायला मिळतील, अशी अपेक्षा ठेवून येऊ नये. मार्गदर्शकांनी हे आरंभीच सांगितले, आणि त्यांचा हाच गुण मला सर्वांत अधिक भावला. शहरातील सगळ्या तळ्यांचे श्रेय शिलाहारांना देणारी परंपरा त्यांनी आदराने सांगितली, पण परंपरा कोणती आणि लेखी पुरावा कोणता, हा भेद शेवटपर्यंत सुटू दिला नाही. शिलाहारांची दुसरी राजधानी ‘पुरी’ नेमकी कोठे होती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

कौपिनेश्वर मंदिरात गेल्यावर या सावधपणाचे मोल कळते. मंदिराची सध्याची वास्तू १७६० च्या सुमाराची असून ती सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभी केली. म्हणजे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतल्यानंतरची. भव्य शिवलिंगासमोर आणि आवारातील ब्रह्मदेवाच्या मूर्तीसमोर मात्र मागच्या शतकांकडे लक्ष जाते. मार्गदर्शकांनी या मूर्तीपाशी पुरेसा वेळ दिला आणि लहान मुलांच्या प्रश्नांनाही पूर्ण उत्तरे दिली.

फेरीचा गाभा माझ्या मते ठाण्याच्या किल्ल्यापाशी आहे. आज तेथे मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे आत जाता येत नाही आणि बाहेरून पाहताना छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा लागतो. याच किल्ल्यात १७८७ साली नव्या बांधकामाचा पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याच्या दानाचे ताम्रपट सापडले. त्यांवर शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ हे वर्ष आहे, श्रीस्थानकाचा उल्लेख आहे, आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने त्यांचे भाषांतर लगेच छापल्यामुळे भारतीय ताम्रपटांच्या अभ्यासाच्या अगदी आरंभीच्या साधनांत त्यांची गणना होते. इतकी मोठी गोष्ट रहदारीच्या रस्त्याकडेला घाईघाईने, ध्वनिक्षेपकाशिवाय सांगितली गेली, याचे मला वाईट वाटले. मागे उभ्या असलेल्या ज्येष्ठांना अर्धेअधिक ऐकू आले नाही. आयोजकांनी ताम्रपटातील मजकुराचा एक छापील कागद प्रत्येकाच्या हाती दिला, तर ही उणीव सहज भरून निघेल.

शुल्क वाजवी आहे आणि चालणे सपाट रस्त्यावरचे आहे. ठाणे पश्चिमेकडून स्थानकाबाहेर पडून पायीच तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी यावे, कारण गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते. जांभळी नाक्याचा बाजार भरण्यापूर्वी मंदिर पाहून झालेले बरे. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा दिवस दर्शनासाठी उत्तम असले, तरी मूर्ती निरखण्यासाठी टाळावेत.

फेरीत अंबरनाथच्या शिवमंदिराचा समावेश नाही आणि तो असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कारण शिलाहारांची शिल्पकला उभ्या वास्तूत पाहायची तर तेथेच जावे लागते. मंदिराच्या उत्तर दाराच्या तुळईवर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख असून त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. फेरी संपल्यावर ठाण्याहून कर्जत किंवा बदलापूर लोकल पकडून त्याच दिवशी तेथे जाता येते. अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेकडून रिक्षा मिळते. वालधुनी नदीकाठच्या या मंदिराला बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घालावी, भिंतीवरील देवतांची शिल्पे पाहावीत आणि मगच आत जावे. गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली असून पायऱ्या उतरून जावे लागते. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सोबतीला कोणीतरी घ्यावे.