खुडूक कोंबडी: मोडायची, कळपातच बसू द्यायची की वेगळी बसवायची?

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला हट्टाने बसली, की तीन वाटा असतात: तिची खुडूक मोडायची, जिथे ठाण मांडलंय तिथेच बसू द्यायची, नाहीतर अंड्यांसकट वेगळ्या जागी हलवायची. बहुतेक जण अंडी किती बुडतील एवढाच हिशोब मांडतात. तो बरोबर आहे, पण अर्धाच. कळपातली एक कोंबडी तीन आठवडे बाजूला गेली की बाकीच्या आपापल्या जागा नव्याने ठरवतात, आणि ती परत आली की भांडण पेटतं. म्हणून मी तरी या तिन्ही वाटा आधी भांडणाच्या बाजूने तोलतो, अंड्यांच्या नंतर.

त्याआधी ती खरंच खुडूक आहे ना, हे बघा. दिवसा तास-दीड तास खोक्यात बसलेली कोंबडी नुसती अंडं घालत असू शकते. रात्री बघा. बाकीच्या दांडीवर चढल्या आणि ही खोक्यातच पसरून राहिली, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरली, टोचायला आली, तर ती खुडूक. छातीची पिसंही ती उपटते, म्हणजे अंड्यांना अंगाची थेट ऊब लागते. दिवसातून एखाद्या वेळी पंधरा-वीस मिनिटं उठते, घाईघाईने खाते, भली मोठी दुर्गंधी विष्ठा टाकते आणि परत बसते. आजारी कोंबडीही पिसं फुलवून बसते, पण तिच्यात हा ताव नसतो.

कोंबडा नसेल किंवा पिल्लं नकोच असतील तर मोडणं हाच शहाणपणा. फळ न धरलेल्या अंड्यांवर किंवा रिकाम्या खोक्यात ती आठवडेच्या आठवडे बसते आणि वाळत जाते. नुसती अंडी उचलून भागत नाही. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक तिला बसवून ठेवतं, आणि उबदार, अंधाऱ्या, मऊ जागेने त्याला बळ मिळतं. म्हणून उपाय नेमका उलटा: तळाला जाळी असलेला पिंजरा, जमिनीपासून उचललेला, खालून वारा खेळेल असा, उजेडात. आत दाणा-पाणी भरपूर, गवत किंवा भुसा अजिबात नाही. लवकर हाती घेतलं तर तीन-चार दिवसांत बहुतेकींचा हट्ट उतरतो. आठवडाभर बसू दिल्यावर सुरुवात केली तर वेळ जास्त लागतो. थंड पाण्यात बुचकळणं किंवा नाकपुडीतून पीस आरपार घालणं हे जुने उपाय मी कुणालाही सुचवणार नाही. कोंबडीचे हाल होतात, आणि पिंजऱ्याने जे काम शांतपणे होतं त्यासाठी हे कशाला?

मोडलेली कोंबडी एक ते तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. बसू दिली तर २१ दिवस उबवण, मग पिल्लं सांभाळण्याचे पाच ते आठ आठवडे, म्हणजे दोन-तीन महिने अंडी बंद. भांडणाच्या बाजूनेही मोडणंच सर्वांत स्वस्त पडतं, कारण गैरहजेरी थोड्या दिवसांची असते. पिंजरा कळपाच्या नजरेसमोर ठेवला तर तिची जागाही बहुधा शाबूत राहते.

आता पिल्लं हवी आहेत असं धरू. कळपातच बसू देण्यात कष्ट सर्वांत कमी, आणि तिला कुणी विसरत नाही. पण चांगलं उबदार खोकं इतरांनाही हवं असतं. तिच्या अंगावर चढून त्या अंडी घालतात, ढकलाढकलीत एखादं फुटतं, आणि फुटलेल्या अंड्याची चव लागली की कोंबड्या अंडी खायला शिकतात. वर नव्या-जुन्या अंड्यांची सरमिसळ होते. पहिली पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत आई त्यांना घेऊन उठते आणि उशिराची अंडी अर्धवट राहतात. यावर एकच इलाज: बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करायची आणि खूण नसलेली रोज काढून घ्यायची. कधी ती खाऊन परतताना भलत्याच खोक्यात बसते, तेही बघावं लागतं.

इथे तिचा कळपातला मान निर्णायक ठरतो. वरच्या पायरीची कोंबडी एका गुरगुरण्यात सगळ्यांना लांब ठेवते. तळाची असेल तर तिला खोक्यातून हुसकावतात, आणि खायला उठली की दाण्याजवळही टिकू देत नाहीत. अशीला कळपात बसू देणं म्हणजे अंडीही घालवणं आणि कोंबडीही.

वेगळी बसवली की अंडी सुरक्षित, खुराड्यात शांतता. पण हिशोब पुढे चुकवावा लागतो. कोंबड्यांमधली ही टोचण्याची उतरंड नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. कोण कुणाला टोचणार आणि कोण मुकाट्याने बाजूला होणार, हे ओळखीवर चालतं. दोन-तीन आठवडे न दिसलेली कोंबडी बऱ्याचदा परकी ठरते.

म्हणून माझं मत मधल्या वाटेला आहे: त्याच खुराड्याचा एक कोपरा जाळीने तोडून तिला तिथे बसवा. सगळ्या तिला बघतात, ती सगळ्यांना बघते, आत मात्र कुणी शिरत नाही. हलवायचं ते रात्रीच, आणि आधी खोट्या अंड्यांवर. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागेकडे धावते आणि खुडूकच मोडते. एक-दोन दिवस तिथे टिकली तर खरी अंडी एकदमच द्या. मध्यम अंगाच्या कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. बारीक अंगाची कोंबडी असेल तर कमी. जाळीच्या आत खाणं, पाणी आणि धुळीत लोळायला जागा हवी, कारण बसून राहणाऱ्या कोंबडीवर उवा-गोचिडांचं फावतं. जाळीला जागाच नसेल आणि कोंबडी वरचढ असेल, तर पेन्सिलीची वाट धरा.

दोघी एकदम खुडूक झाल्या तर शेजारी-शेजारी बसवू नका. अंडी ओढाओढीत जातात, आणि एकीची पिल्लं आधी निघाली की दुसरी कोंबडी आपली अंडी सोडून ती पिल्लं बळकावायला उठते.

पिल्लं निघाल्यावर आठवडाभर जाळी राहू द्या. मग मायलेकरांना सोडा, पण मोकळ्या जागेत, खुराड्याच्या कोंडमाऱ्यात नाही. पिल्लंवाली कोंबडी एरवी दबकी असली तरी या दिवसांत वाघीण होते. चोचीचा एखादा फटका आणि माघार, एवढं चालू द्या. रक्त दिसलं तर जखमी कोंबडी लगेच बाजूला घ्या, कारण लाल रंगावर सगळ्या तुटून पडतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. सगळ्यांना पिल्लांचंच खाद्य घाला आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. आई पिल्लांना टोचून दूर करू लागली की तो दुसरा नाजूक टप्पा: आता ती उतरंडीच्या तळाशी असतात, म्हणून दाणा दोन-तीन ठिकाणी मांडा.

आणि निघालेल्या पिल्लांतले साधारण निम्मे नर असतील. चार-पाच महिन्यांत ते आरवू लागतील, एकमेकांवर झेपावतील, कोंबड्यांना भंडावतील. त्यांचं काय करायचं याचं उत्तर अंडी ठेवण्याआधीच तयार नसेल, तर जाळीच्या तळाचा पिंजरा आजच बाहेर काढा आणि खुडूक मोडा.