तीस वर्षांची मर्सिडीज पासिंगला नेली तेव्हा

"हॅन्डब्रेक कुठे आहे मॅडम?" आरटीओच्या निरीक्षकांनी दोन सीटांच्या मध्ये वाकून पाहिलं. तिथे काही नव्हतं. डब्ल्यू १२४ या जुन्या मॉडेलच्या मर्सिडीजचा पार्किंग ब्रेक पायानं दाबायचा असतो आणि डॅशबोर्डवरची मूठ ओढून सोडायचा. मी तो पूर्ण दाबला आणि गिअर न्यूट्रलला टाकला. मैदानाच्या त्या जेमतेम उतारावर गाडी हळूहळू पुढे सरकली. मागे बघितलं तर उजवा ब्रेकलाइटही बंद. त्यांनी कागद परत दिले, "दोन्ही कामं करून आणा." मला वाईट वाटलं, पण ते बरोबरच होते.

गाडी १९९६ ची ई २५० डिझेल आहे. मर्सिडीजने १९९५ साली भारतात पिंपरीला जी पहिली गाडी बनवायला घेतली ती याच मॉडेलची. बाबांनी २००४ मध्ये नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा आमच्या वरूडच्या संत्रा मंडीत लोक तिला हात लावून बघत. आता बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला नागपूरला न्यावं लागतं. मागच्या सीटवर ते कमरेला उशी न घेता बसतात. दुसऱ्या कुठल्याही गाडीत काटोलच्या पुढे गेलं की त्यांची पाठ धरते. ही गाडी मी का ठेवली, याचं उत्तर एवढंच आहे.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली १५ वर्षं चालतं, पुढे दर ५ वर्षांनी पासिंग. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. नंतर गेलात तर दर महिन्याला ५०० रुपये दंड. फी एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपये होती, मग ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, ती आधी बसवून घ्या. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकतं ते पाच वर्षांचं अंतर. हीच गाडी जर्मनीत दर दोन वर्षांनी तपासणीला जाते, ब्रिटनमध्ये दर वर्षी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा पाच उन्हाळ्यांत गाडीखालच्या रबराचं काय होतं, ते मी यंदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

नापास झालेली गाडी घेऊन मी मोर्शी रोडवरच्या आमच्या मिस्त्रीकाकांकडे आले. गॅरेज टिनाचं, खड्डा एकच. पण काकांनी तरुणपणी नागपूरला याच गाड्यांवर हात बसवलेला आहे. ते टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग खालून आवाज आला, "ताई, लोखंडाले काही झालं नाई. रबर मात्र सारं मेलं. खाली या, दाखवतो."

मी उतरले. त्यांनी समोरच्या उजव्या चाकाचा ब्रेकचा होज पाइप दोन बोटांत धरून वाकवला. वरून काळा, धडधाकट दिसणारा पाइप वाकताच उकलला. उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या रानाला पडतात तशा आडव्या भेगा, आणि एका भेगेतून आतला दोरा दिसत होता. काका म्हणाले, "आतूनबी फुगला असन. गाडी उजवीकडे ओढते ना?" ओढत होती. सहा महिन्यांपासून ओढत होती आणि मी अलाइनमेंटला दोष देत होते. पाइप आतून फुगला की दाबलेलं ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत येताना अडतं. ब्रेक अर्धवट धरलेलाच राहतो आणि चाक तापतं. तुमच्या जुन्या गाडीचं एक चाक प्रवासानंतर बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर होज आणि कॅलिपर (डिस्कला चिमटा घालणारा ब्रेकचा भाग) आधी बघा.

दुसरं, खालचा बॉल जॉइंट, म्हणजे समोरचं चाक खालच्या आर्मला जोडणारा गोल सांधा. काकांनी टॉमी (लोखंडी दांडा) घालून नुसती उचलली तर डावा जॉइंट खटकन हलला. या गाडीत समोरची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, सगळा भार त्या जॉइंटजवळून जातो. तो निसटला तर चाक आडवं पडतं. मागच्या वर्षी मी स्वस्तातला घेतला होता. त्याचं रबरी टोपण चार महिन्यांत फाटलं, आत धूळ गेली, ग्रीस वाळलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण बॉल जॉइंटमध्ये हजार-दोन हजार वाचवू नका. या वेळी लेमफोर्डर कंपनीचे दोन्ही बाजूंचे मागवले. ते प्रेसवर बसवावे लागतात आणि स्प्रिंग दाबायला नीट साधन हवं. ज्या गॅरेजमध्ये हे काम दोरखंड आणि जॅकवर चालतं तिथे गाडी देऊ नका, माणूस जायबंदी होतो.

पार्किंग ब्रेकचं कारण वेगळंच निघालं. या गाडीला मागे डिस्क आहेत, पण पार्किंग ब्रेकचे छोटे शू डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये असतात. वापरलेच नाहीत तर ते गंजतात, चकचकीत होतात, केबल जाम होते. आम्ही वर्षानुवर्षं गाडी गिअरमध्ये टाकून, चाकाला दगड लावून उभी करत आलो. डिस्क काढली तर एका शूचं लायनिंग सुटून हातात आलं. नवे शू बसवले, केबल मोकळी केली. आता रोज रात्री शेडमध्ये गाडी लावली की मी तो पायाचा ब्रेक दाबतेच.

ब्रेकलाइट म्हणजे होल्डरवरचा गंज, पॉलिश पेपरनं घासला आणि लागला. शेडमध्ये उंदरांनी कुरतडलेली एक वायर सापडली, तीही जोडली. पेट्रोलची ई २२० असलेल्यांनी मात्र इंजिनचं वायरिंग उघडून बघावं. १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातल्या बऱ्याच मर्सिडीजमध्ये तारांवरचं आवरण उष्णतेनं ठिसूळ होऊन गळतं.

परदेशात ही गाडी गंजामुळे नापास होते, विशेषतः दाराखाली जॅक लावायच्या जागी. आपल्या कोरड्या हवेत ते भय कमी, पण नाही असं नाही. आमच्या गाडीचं त्या जागेचं एक प्लास्टिकचं झाकण कधीचं पडलेलं, आत पांदणीचा चिखल भरून वाळलेला. काकांनी पेचकस टोचून पाहिला. पत्रा टणक होता. चिखल काढून, धुऊन, वाळवून आत मेण मारलं.

धुराबद्दल सांगायचं तर भारत स्टेज ४ या प्रदूषण नियमाच्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ एचएसयूची (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) मर्यादा आहे आणि पीयूसी दर सहा महिन्यांनी. शेडमधून काढून थेट नेली तेव्हा ७१ आलं. एअर फिल्टर नवा टाकला, डिझेल फवारणारे नोझल टेस्ट करून आणले, आणि मोर्शीपर्यंत तिसऱ्या-चौथ्या गिअरवर चांगली ओढून इंजिन तापवलं. ४८. घर ते बाजार एवढंच चालणाऱ्या डिझेलमध्ये काजळी साठते, थंड इंजिनावर पीयूसी काढू नका.

टायर १९५/६५ आर १५, कुठेही मिळतात. कायद्याला नक्षी १.६ मिलिमीटर लागते, आमच्यांची भरपूर होती. पण बाजूच्या चार अंकी शिक्क्यावर २३१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. कडेला बारीक भेगा होत्या. चारही बदलले.

दुसऱ्या फेरीत पंधरा मिनिटांत काम झालं. पार्किंग ब्रेकनं गाडी जागेवर धरली. काचेवर तो एकटा लांब वायपर फिरला. चेसिस नंबर इंजिनमागच्या पत्र्यावर कोरलेला असतो, म्हणून बॉनेट सरळ नव्वद अंशात उभं केलं आणि निरीक्षकांनी पेन्सिलीनं ठसा घेतला. "चांगली ठेवली आहे," म्हणाले. घरी येऊन मी बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "असंच म्हणाले?"

पण एक गोष्ट मनातून जात नाही. पहिल्या फेरीतही तो फाटका होज गाडीखाली होताच, तो सैल बॉल जॉइंटही होता. मैदानावर खड्डा नाही, लिफ्ट नाही, निरीक्षकांना ते दिसणार कुठून? त्या दिवशी पार्किंग ब्रेकनं गाडी धरली असती तर मी पास होऊन त्याच होजवर बाबांना नागपूरला घेऊन गेले असते. म्हणून ही गाडी घेणाऱ्याला माझं सांगणं एकच आहे: आरसीची तारीख बघू नका, गाडी खड्ड्यावर घ्या आणि स्वतः खाली उतरा. गाडीला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पार्टसाठी दर वेळी नागपूरला फोन करावा लागतो म्हणून. मिस्त्रीकाकांना पाच.

आरसी आता २०३१ पर्यंत आहे. मागच्या चाकांना धरणाऱ्या लिंकांची रबरं अजून बाकी आहेत, काकांनी पावसाळ्याआधी आणायला सांगितलंय.