स्पेअर पार्ट: ऑनलाइन मागवावा की बेळगावच्या काउंटरवरून घ्यावा?

ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, क्लच प्लेट असं काही बदलायचं झालं की आपल्या बेळगाव-खानापूर भागात दोन वाटा असतात. मोबाइलवरून मागवायचं, नाहीतर अधिकृत वितरकाच्या काउंटरवर जायचं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, पण तिथला काउंटर म्हणजेही काउंटरच, म्हणून तो वेगळा धरत नाही. दोन्हीकडची खरेदी मी करत आलोय. भावात आणि सोयीत ऑनलाइन बऱ्याचदा पुढे असतं, हे आधीच मान्य करतो.

माझ्यापुरता निकाल मात्र एका गोष्टीने लावला, आणि ती म्हणजे सील. होलोग्राम, क्यूआर कोड, एमआरपीचं लेबल हे सगळं नकली डब्यावरही छापता येतं. खऱ्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलताच माल भरूनही विकला जातो. त्यामुळे ओळख पटते ती आतल्या वस्तूवरून, आणि वस्तू बघायची तर सील तोडावंच लागतं. नेमकी इथेच अडचण आहे. सील तुटलेला किंवा गाडीला लावून बघितलेला पार्ट परत घेणार नाही, अशी अट बरेच ऑनलाइन विक्रेते घालतात. तोवर गाडी जॅकवर, चाक उतरवलेलं, जुने पॅड निघालेले आणि मेस्त्री खोळंबलेला. पार्ट अस्सल असून फक्त मापात चुकला, तरी हाच घोळ होतो.

काउंटरवर तोच डबा तुमच्यासमोर उघडतात. जाताना जुना पार्ट आणि आरसीवरचा 17 अक्षरांचा चासी नंबर घेऊन जावं. त्या नंबरावरून कॅटलॉगमध्ये नेमका पार्ट नंबर निघतो. हे महत्त्वाचं, कारण एकाच मॉडेलमध्ये मध्येच ब्रेक किंवा क्लच बदललेला असू शकतो, आणि ऑनलाइन यादीत नुसतं गाडीचं नाव आणि वर्ष टाकलं की दोन्ही पार्ट ‘बसतात’ असंच दिसतं. नवा-जुना शेजारी ठेवून बघा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

उघडल्यावर काय बघायचं? ब्रेक पॅडच्या लोखंडी पट्टीवर बॅच नंबर कोरलेला किंवा स्वच्छ छापलेला हवा. बऱ्याच चांगल्या पॅडवर घर्षणाची दोन अक्षरं असतात, उदाहरणार्थ एफएफ. पहिलं अक्षर थंड पॅडचं, दुसरं तापलेल्या पॅडचं, आणि एफ म्हणजे घर्षणांक (पकडीचं माप) 0.35 ते 0.45. लायनिंगच्या, म्हणजे पट्टीवरच्या घासणाऱ्या थराच्या, कडा भुसभुशीत असतील, किंवा लायनिंग आणि पट्टी यांच्यात फट दिसत असेल, तर तो पॅड तिथेच ठेवावा. हलक्या मालात लायनिंग बांधणारं राळ निकृष्ट असतं. गावात ते जाणवत नाही. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना पॅड तापला की राळेतून वायू सुटतो, पेडल घट्ट लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही.

ऑइल फिल्टरमध्ये तेल परत चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरू न देणारी रबरी झडप असते. बाहेरच्या छोट्या भोकांतून तिचं रबर दिसतं. ते मऊ हवं. कडक असेल तर रात्रभरात तेल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर तेलाचा दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो, इंजिनच्या वरच्या भागातून टकटक ऐकू येते. स्पार्क प्लगचा वॉशर हाताने सहज निघून येत असेल तर शंका घ्यावी. एसकेएफ कंपनीचं बेअरिंग अस्सल आहे का ते तपासायला तिचं ‘ऑथेंटिकेट’ अ‍ॅप आहे.

भावाचा फरक बघताना एक लक्षात ठेवा. बॉश, वॅलिओ, लुक, राणे असे गाडीकंपन्यांचे पुरवठादार स्वतःच्या डब्यातही माल विकतात. तो गाडीकंपनीच्या डब्यापेक्षा स्वस्त असतो, आणि ती काही नक्कल नव्हे. काउंटरवर तोच मागून बघा, ऑनलाइनशी असलेला फरक बराच कमी होतो. गाडीकंपनीच्याच डब्यावर कुणी एमआरपीच्या निम्म्यात देत असेल, तर मी तरी हात लावणार नाही.

ऑनलाइन बाजू लंगडी आहे असं नाही. उत्पादन बंद झालेल्या गाडीचा आरसा, दाराचं हँडल, वायपर, सीट कव्हर, मॅट हे तिथेच सहज मिळतं, आणि त्यात जिवाला धोका नाही. गाडीकंपनीचं स्वतःचं ऑनलाइन दुकान असेल तर तेही चालेल. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि एअरबॅगचं सामान मात्र अनोळखी विक्रेत्याकडून नको.

तरीही मागवायचंच असेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पानावर विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला ते दिसायला हवं. त्याचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर तपासा. पहिले दोन आकडे राज्य सांगतात: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27. डबा फोडताना कुरिअरच्या लेबलापासून पार्ट नंबरापर्यंत न थांबता व्हिडिओ घ्या, आणि पार्ट गाडीला लावण्याआधीच तक्रार नोंदवा. विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. आणि काम झाल्यावर रिकामे डबे फाडून टाका, मेस्त्रीकडेही तसेच सोडू नका. नकली माल भरायला तेच लागतात.