गेम ऑफ थ्रोन्स, सीझन ८ : शेवट पटतो, घाई पटत नाही

अजून पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे शेवट उघड केला आहे.

गेम ऑफ थ्रोन्स ही राजगादीच्या लढाईची अमेरिकन कल्पनारम्य मालिका. २०१९च्या एप्रिल-मेमध्ये तिचा हा शेवटचा, ६ भागांचा सीझन आला. तो नव्याने लिहून पुन्हा काढा, या मागणीवर १५ लाखांहून जास्त सह्या पडल्या. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचा एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कारही यालाच मिळाला. जळगाव-धुळ्याच्या चाहत्यांतही विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. वाद बहुतेक वेळा डेनेरिसवरून, म्हणजे ड्रॅगन असलेल्या, गादीवर हक्क सांगणाऱ्या राणीवरून होतो, आणि तो ‘ती अचानक बदलली’ या नको त्या मुद्द्यावर होतो.

शरण आलेलं राजधानीचं शहर ती जाळते, हे आभाळातून पडलेलं नाही. पहिल्या सीझनच्या ६व्या भागात भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात, तेव्हा तिचा चेहरा बघा. चौथ्याच्या ४थ्या भागात ती १६३ गुलाम-मालकांना खिळे ठोकून टांगते, पाचव्याच्या ५व्यात एकाला ड्रॅगनपुढे टाकते, सातव्याच्या ५व्यात गुडघे न टेकणाऱ्या टार्ली बापलेकांना जाळते. हे चार भाग ओळीने पाहून मग आठव्याचा ५वा लावा. बाई अचानक बदलली असं म्हणवणार नाही.

बिघडलं ते भागांच्या हिशेबात. पहिले सहा सीझन १०-१० भागांचे, सातवा ७ आणि आठवा ६. डेनेरिसचा ड्रॅगन रेगल आणि तिची जिवलग मैत्रीण मिसांडे ४थ्या भागात मरतात, ५व्यात शहर पेटतं. दुःख मुरायला मधे जागाच ठेवलेली नाही. भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजताना जाळ मोठा केला की साल काळी पडते आणि गर कच्चा राहतो, तसं हे झालं. त्यात ४थ्या भागात ज्या यंत्रांचे बाण रेगलला अचूक लागतात, त्याच यंत्रांचे बाण ५व्यात तिच्या दुसऱ्या ड्रॅगनला, ड्रोगॉनला, एकदाही लागत नाहीत. इथे चाहत्यांचा राग शंभर टक्के रास्त आहे.

शेवटी स्टार्क घराण्यातला ब्रॅन राजा होणं तर अजिबात पेरलेलं नाही. अख्ख्या पाचव्या सीझनमध्ये तो दिसतही नाही. मृतांच्या सैन्याचा राजा नाइट किंग याला ब्रॅनच्या बहिणीने, आर्याने मारणं मात्र मला पूर्ण पटतं. नायक जॉनच मारणार असं मनात धरून बसलेल्यांनी आठवावं : तिने वापरलेला खंजीर पहिल्या सीझनमध्ये ब्रॅनच्या खुनासाठी आणलेला होता, आणि सातव्यात ब्रॅननेच तो तिच्या हाती दिला.

आता ३ऱ्या भागाचा अंधार : रात्रीच्या लढाईचा हा भाग इतका काळोखा की काही दिसतच नाही, ही तक्रार. आपल्याकडे तो आला २९ एप्रिल २०१९, सोमवारी सकाळी साडेसहाला. खान्देशात तेव्हा सातच्या आत ऊन खोलीत येतं, आणि रात्रीची लढाई उजेडात दिसणार कशी? शिवाय नेट मंदावलं की स्ट्रीमिंग डेटा कमी करतं आणि गडद छटा फुटून चौकोन दिसतात. म्हणून सर्वांत वरच्या क्वालिटीत आधी डाउनलोड करा आणि रात्री दिवे बंद करून बघा. टीव्हीवर विविडऐवजी सिनेमा मोड लावा, मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) आणि वीजबचत दोन्ही बंद ठेवा. तरीही दिसत नसेल तर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) वाढवा, ब्राइटनेस नको. ब्राइटनेसने काळा रंग राखाडी होतो आणि चौकोन जास्तच उठून दिसतात.