सिगिरियाच्या तिकिटाचे निम्मे पैसे

श्रीलंकेत फिरताना आपला पासपोर्ट आणि तिकिटाचे पैसे एकाच वेळी दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत, एवढे सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मी, पत्नी आणि आई-बाबा असे आम्ही चौघे तेथे गेलो होतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलेला ड्रायव्हर-गाइड आम्ही पाच दिवसांसाठी ठरवला. गाडीचे भाडे आगाऊ ठरले होते. प्रवेशशुल्क मात्र त्या त्या ठिकाणी आम्ही त्याच्याकडे रोख डॉलरमध्ये द्यायचे होते. मनुष्य गोड बोलणारा होता. बाबांना हात धरून गाडीतून उतरवायचा, आईला न चुकता ‘अम्मा’ म्हणायचा. त्याच्याजवळ सरकारी परवान्याचे ओळखपत्र आहे का, हे विचारणे आम्हांला त्यामुळेच अवघड वाटले असावे.

पहिला फटका हबरण येथे बसला. मिनेरिया राष्ट्रीय उद्यानातील हत्ती पाहायचे म्हणून आम्ही जीपचे भाडे आणि उद्यानाचे शुल्क असे दोन्ही मिळून पैसे दिले. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस महासेन राजाने बांधलेला तलाव या उद्यानात आहे. कोरड्या हंगामात त्याचे पाणी आटते, उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते आणि त्या गवतासाठी आसपासच्या जंगलांतून हत्तींचे कळप तेथे जमतात. आमची जीप मात्र दोन तास झुडपांतून फिरली. हत्ती दिसले अकरा, तलाव दिसलाच नाही. बाहेर पडताना फाटकावर ‘हुरुलु’ असे लिहिलेले पत्नीने वाचले. ड्रायव्हरला विचारल्यावर उत्तर आले, “एकच पार्क आहे सर, फक्त दुसरे गेट.” हे साफ खोटे होते. हुरुलु इको पार्क वनखात्याकडे आहे, मिनेरिया वन्यजीव खात्याकडे, आणि हुरुलुचे शुल्क कमी असते. तलावात पाणी सोडले की हत्ती खरोखरच जागा बदलतात आणि प्रामाणिक जीपवालाही त्या दिवशी हुरुलुला किंवा शेजारच्या कौडुल्ला उद्यानात नेतो, हे मान्य आहे. पण तो तसे आधी सांगतो आणि शुल्कातला फरक स्वतःच्या खिशात घालत नाही.

दुसऱ्या दिवशी सिगिरिया होते. काश्यप राजाने पाचव्या शतकात ज्यावर राजवाडा बांधला, तो हा कातळ; त्या राजवाड्याच्या आधी आणि नंतरही तेथे बौद्ध भिक्खूंचे वास्तव्य होते. सुमारे १२०० पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या; ती पायथ्याच्या उद्यानात सावलीला बसली, तरी तिकीट तिचेही काढले. परदेशी माणसाला त्या वेळी ३० डॉलर पडत असत. बाबांनी वीस डॉलरच्या सहा नोटा मोजून दिल्या. त्यांतल्या एका नोटेच्या कोपऱ्यावर निळ्या शाईची बारीक खूण होती आणि ती कोणी घेईल की नाही, याची त्यांना ठाण्यापासून काळजी होती. ड्रायव्हरने ती काही न बोलता घेतली. सोबत, “काउंटरवर दाखवावे लागतात,” म्हणून चौघांचे पासपोर्टही घेतले. आम्ही फाटकातून आत गेल्यावर तिकिटांचे अर्धुक त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवले. हिशेबासाठी ठेवत असेल, असे मी समजलो.

पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीत तो गाडी लावायला गेला असताना मी सहज तिकीट-खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. आतल्या बाईंनी माझ्या हातातला पासपोर्ट पाहिला आणि विचारले, “इंडियन? मग हाफ.” सार्क या दक्षिण आशियाई संघटनेतील देशांच्या नागरिकांना सिगिरिया, पोलोन्नरुवा आणि अनुराधापूर येथे पासपोर्ट दाखवल्यास निम्मे शुल्क पडते, हे मला तेव्हा कळले. पूर्ण दराच्या तिकिटासाठी पासपोर्ट कशाला लागेल, हा साधा प्रश्न आदल्या दिवशी चौघांपैकी एकालाही पडला नव्हता. सवलत आमच्या नावावर घेऊन साठ डॉलर त्याने ठेवून घेतले होते.

मन इतके खट्टू झाले होते की तेथील गल विहारातल्या मूर्तींसमोर उभा असतानाही मी आकडेमोडच करीत होतो. एकाच कातळातून कोरलेल्या त्या चार मूर्तींपैकी चौदा मीटर लांबीची निजलेली मूर्ती पाहताना, बुद्धाच्या मस्तकाखालची दगडी उशी भाराने किंचित दबल्यासारखी कोरली आहे, हे पत्नीने दाखवले तेव्हा कोठे मी भानावर आलो. (मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तेथे तो अनादर मानतात.)

तेथे जाणाऱ्यांनी खिडकीवर स्वतः जावे, भारतीय पासपोर्ट स्वतःच दाखवावा आणि तिकीट आपल्याजवळच ठेवावे. सफारीसाठी जीपचे भाडे आणि उद्यानाचे शुल्क वेगवेगळे विचारावे, शुल्क फाटकावर आपल्या हाताने भरावे आणि पावतीवरचे उद्यानाचे नाव वाचावे. पर्यटन विभागाचा १९१२ हा दूरध्वनी क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा. आमच्या बाबतीत तो नुसता उच्चारणेही पुरेसे ठरले.

त्या संध्याकाळी मी ड्रायव्हरला सर्वांदेखत हिशेब विचारला. आधी त्याने दर बदलल्याचे सांगितले, मग काउंटरवरच्या माणसाची चूक झाली असे सांगितले. मी १९१२ वर फोन करतो म्हटल्यावर तो गाडीपाशी गेला आणि तीन नोटा घेऊन परत आला. सफारीच्या पैशांबद्दल तो शेवटपर्यंत गप्प राहिला आणि आम्हीही ते सोडून दिले. बाबांनी नोटा उजेडात धरून पाहिल्या. मधल्या नोटेच्या कोपऱ्यावर निळ्या शाईची खूण होती.