दुरुस्तीनंतर थ्रॉटल सेन्सरचा कोड: सेन्सर बदलायचा, अख्खी थ्रॉटल बॉडी, की आधी कपलर बघायचं?

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरीच बदललं, त्यासाठी मॅनिफोल्डपर्यंतचं सगळं उतरवलं, पुन्हा बसवलं, गाडी सुरूही झाली. आणि चेक इंजिनचा दिवा लागला. स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन बाराशे-पंधराशे आरपीएमवर धावतंय, किंवा रेस दिली की आधी गचका आणि मग पिकअप, किंवा काटा अडीच हजारांच्या पुढे जायलाच तयार नाही. डोंगल (गाडीतले दोषाचे कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून बघितलं तर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा कोड. थ्रॉटल बॉडीतला पडदा इंजिनात हवा सोडतो, आणि तो किती उघडा आहे हे हा सेन्सर सांगतो. आता पुण्यात राहणाऱ्यापुढे पर्याय बरेच आहेत: स्वतः तपासणं, नाना पेठेतून नवा सेन्सर आणून लावणं, जुन्या बाजारात हात मारणं, ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवणं किंवा गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेणं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुरुस्तीच्या आदल्या दिवसापर्यंत नीट चाललेला सेन्सर नेमका दुसऱ्या दिवशी मरेल, याची शक्यता कमी. ज्या गोष्टींना आपला हात लागला त्या आधी संशयित: कपलर (तारांचा जोड), अर्थची तार, व्हॅक्यूमचा पाइप, थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग. त्यामुळे सेन्सर विकत घेणं हा पहिला पर्याय कधीच नाही, मग तो कितीही स्वस्त असो. पुढचा हिशेब मात्र गाडीगणिक बदलतो.

(हे सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. डिझेलची गोष्ट वेगळी.)

गाडी केबलची की इलेक्ट्रॉनिक?

इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा. थ्रॉटल बॉडीवर केबल ओढली जाऊन पडदा फिरताना दिसला, तर गाडी केबलची. जुनी झेन, एस्टीम, पहिली सँट्रो या त्यातल्या. सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या कडेला दोन स्क्रूंवर बसलेला असतो, वेगळा मिळतो, वेगळा बदलता येतो.

केबल नसेल तर पडदा मोटर फिरवते. अशा थ्रॉटल बॉडीत सेन्सरचे दोन ट्रॅक (पडद्याची जागा मोजणारे भाग) असतात, ते झाकणाच्या आत असतात, आणि बहुतेक कंपन्या ते सुटे विकत नाहीत. म्हणजे ‘सेन्सर गेला’ याचा बिलावरचा अर्थ ‘अख्खी थ्रॉटल बॉडी’. इथे चुकीच्या निदानाची किंमत कित्येक पटींनी वाढते. शिवाय पॅडलपाशी आणखी एक सेन्सर असतो. पी २१३५ हा कोड थ्रॉटलच्या दोन ट्रॅकचं आपसात जुळत नसल्याचा, पी २१३८ पॅडलच्या दोन ट्रॅकचा. डोंगलच्या ॲपवर दोन्ही सारखेच वाटतात आणि लोक भलताच पार्ट मागवतात.

स्वतः तपासणं: इथे वेळ घाला

कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. कोडसोबत त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात, इंजिन किती गरम होतं, किती फिरत होतं वगैरे. कोड पुसला की तेही जातात.

सेन्सरला तीन तारा: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी ०१२३ म्हणजे फार वर. बहुतेक गाड्यांत अर्थ सुटला की सिग्नल पाच व्होल्टकडे चढतो आणि ०१२३ येतो. पुरवठ्याची तार सुटली की ०१२२. दोन्ही वेळा सेन्सर ठणठणीत असू शकतो. पी ०१२१ आला तर गोष्ट जरा वेगळी: तारा जोडलेल्या आहेत, पण थ्रॉटल सांगतो तो आकडा इंजिनाच्या बाकी हिशेबात बसत नाही. तिथे घासलेला ट्रॅक किंवा बाहेरून ओढली जाणारी हवा शोधायची.

आणि ०१२२ सोबत मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) ०१०७ आला असेल, तर सेन्सरचा विचार डोक्यातून काढूनच टाका. बऱ्याच गाड्यांत या दोघांचा पाच व्होल्टचा पुरवठा एकच असतो. दोन सेन्सर एका दिवशी जात नाहीत. एक तार चिमटते, एक कपलर अर्धवट बसतं, किंवा सारख्या दिसणाऱ्या दोन कपलरांची अदलाबदल होते.

मल्टिमीटर तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो, आणि या कामाला साधा पुरतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद. कपलर लावलेलंच ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजायचं. तारेला सुई टोचून मोजायची सवय मोडा. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तार आतून हिरवी पडते. पडदा बंद असताना सिग्नल साधारण अर्ध्या ते एक व्होल्टच्या मध्ये, पूर्ण उघडल्यावर चारच्या वर. केबलच्या गाडीत पडदा हाताने हळूहळू उघडत न्या: आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच खाली बुडाला तर ट्रॅक घासलाय, आणि आता सेन्सर खरोखर बदला. गंमत म्हणजे या एका कामात जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा सरस, कारण क्षणभराचा बुडका डिजिटलच्या आकड्यांत हरवतो आणि काटा तिथे थरथरतो.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा पडदा इग्निशन ऑन असताना बोटाने ढकलायचा नाही. मोटरने अचानक मिटवला तर बोट सापडतं, आणि जोर लावला तर आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. तिथे ॲक्सिलरेटर दाबून डोंगलवर दोन्ही ट्रॅकचे आकडे बघा.

अर्थ तपासायला मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सेन्सरच्या अर्थ पिनला. आकडा जवळपास शून्य हवा. हेड किंवा मॅनिफोल्ड उघडताना अर्थची पट्टी बाजूला केली जाते आणि तिचा बोल्ट शेवटी ट्रेमध्ये उरतो. उरलेला बोल्ट ‘कंपनीने जास्तीचा दिला असेल’ म्हणून डब्यात टाकणारे लोक आहेत.

स्लो वाढलेला असेल तर हवेकडे वळा. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मॅनिफोल्डला बाहेरची हवा मिळाली की इंजिन तिच्या प्रमाणात पेट्रोल देतं आणि आरपीएम चढतो. दोष मात्र थ्रॉटल सेन्सरवर जातो. पॅकिंगच्या कडेने साबणाच्या पाण्याचा फवारा मारा आणि आवाज किंवा आरपीएम बदलतो का बघा. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात आग लागू शकते.

थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ केला असेल तर स्लो चढणं स्वाभाविक आहे. मळलेल्या पडद्यासाठी ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, तो थोडा जास्त उघडा ठेवायला शिकून घेतलेलं असतं. मळ गेला, शिकवण राहिली. काही गाड्या थोडं चालवल्यावर स्वतःच सुधारतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत, म्हणजे आपल्या चाकणला बनलेल्या पोलोतसुद्धा, स्कॅनरने ॲडॅप्टेशन (ईसीयूला पडद्याची जागा नव्याने शिकवणं) करावं लागतं. निस्सानमध्येही स्लो पुन्हा शिकवण्याची ठरलेली पद्धत आहे. पडद्याचा स्टॉप स्क्रू फिरवून स्लो खाली आणायचा मोह मात्र आवरा. तो कारखान्यात बसवलेला असतो, आणि एकदा फिरवला की सेन्सरचं शून्यच सरकतं.

नवा पार्ट, डुप्लिकेट की जुना

केबलच्या गाडीत मोजून सेन्सर खराब ठरला, तर स्वतः बदलणं हा स्पष्ट विजेता. काम दोन स्क्रूंचं, पण स्क्रू चावलेले असतात. योग्य मापाचं टोक घेऊन आधी गंज सोडवणारं तेल मारा. नवा सेन्सर स्प्रिंगच्या विरुद्ध थोडा फिरवून बसतो. उलट्या अंगाने दाबून स्क्रू आवळले तर पहिल्याच रेसला आतला भाग तुटतो. भोकं लांबट असतील तर बंद पडद्याचा व्होल्टेज मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणूनच आवळा; ईसीयूला पडदा बंद आहे हे त्याच आकड्यावरून कळतं.

कुठून घ्यायचा? नाना पेठेचा फायदा हा, की जुना पार्ट हातात घेऊन जाता येतं आणि काउंटरवरचा माणूस कपलरची पिन बघून फरक सांगतो. ऑनलाइन फक्त पार्ट नंबरवर विसंबावं लागतं, आणि तोच एका अक्षराने चुकतो. डुप्लिकेट सेन्सर स्वस्त पडतो, पण त्याचा ट्रॅक किती टिकेल याचा भरवसा नाही. या पार्टमध्ये मी तरी तिथे बचत करणार नाही. पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. जुन्या २८ टक्क्यांच्या हिशेबाने कुणी किंमत सांगत असेल तर विचारायचा हक्क आहे.

जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी पाने, जॅक, व्हीलकॅप जरूर आणा. केबलच्या गाडीचा जुना सेन्सर मात्र नको, आणि कारण साधं आहे: हा ट्रॅक स्लो आणि त्याच्या जरा वरच्या भागात सर्वांत जास्त घासतो, कारण शहरात पाय तिथेच असतो. तुमचा जिथे घासलाय, तिथेच त्याचाही घासलेला असणार. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बॉडीचं गणित थोडं निराळं. अपघातात मोडलेल्या कमी चाललेल्या गाडीची, तंतोतंत त्याच नंबरची बॉडी ओळखीच्या स्क्रॅपवाल्याकडे मिळाली आणि परत घेण्याची बोली झाली, तर नव्या किमतीपुढे ती विचारात घेण्यासारखी आहे. बंद पडलेल्या मॉडेलला बऱ्याचदा दुसरा इलाजही नसतो.

ऑटो इलेक्ट्रिशियन की सर्व्हिस सेंटर

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची गाडी, कपलर-अर्थ-पाइप सगळं बघून झालं, आणि कोड परत येतोय: इथून पुढे घरी हट्ट करण्यात अर्थ नाही. माझा कल चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. हा दोष बहुधा तारेत असतो, आणि तार शोधणं हे त्याचं रोजचं काम. इंजिनाचा मेकॅनिक उत्तम असला तरी मीटरपेक्षा पान्यात रमणारा असतो. माणूस पारखायचा तर एकच विचारा: ‘स्कॅनरवर रेस देताना दोन्ही ट्रॅकचे आकडे दाखवाल का?’ जो दाखवतो आणि तपासणीचे पैसे वेगळे सांगतो, त्याच्याकडे गाडी सोडा. कोड वाचून लगेच ‘बॉडी बदलावी लागेल’ म्हणणाऱ्याकडून चहा पिऊन निघा.

सर्व्हिस सेंटरची जमेची बाजू म्हणजे कंपनीचा स्कॅनर, ॲडॅप्टेशनची खात्री आणि गरज पडली तर ईसीयूचं नवं सॉफ्टवेअर. उणी बाजू ही, की तिथे एकेक तार शोधत बसायला वेळ नसतो. तपासणीच्या तक्त्यात ‘असेंब्ली बदला’ आलं की असेंब्ली बदलली जाते. वॉरंटी चालू असेल तर मात्र दुसरा विचार नको, आधी तिकडेच. आपण इंजिन उघडल्याचं कारण देऊन त्या भागाचा दावा नाकारला जाऊ शकतो, हे गृहीत धरून जा. गाडीला फक्त ॲडॅप्टेशन हवं असेल, पार्ट नको असेल, तरीही सर्व्हिस सेंटर परवडतं. तेवढंच काम जॉब कार्डवर लिहून घ्या.

गाडी तिथवर न्यायची कशी, हाही निर्णयाचा भाग आहे. गचके खाणारी केबलची गाडी गल्लीतून जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. लिम्प मोडमधली (दोष दिसल्यावर ईसीयूने ताकद रोखून धरलेली) इलेक्ट्रॉनिक गाडी नवले पुलाच्या उतारावर किंवा कात्रज घाटात मागून ट्रक येत असताना पिकअप घेणार नाही, तेव्हा ती टो करून न्या. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असतो आणि लोक तो विसरतात. पॉलिसी काढून बघा.

आणि दोन्हीकडे, इलेक्ट्रिशियन असो वा सर्व्हिस सेंटर, आपण काय काय उघडलं होतं ते न लाजता सांगा. कुठलं पॅकिंग, कुठली कपलरं काढली, बॅटरी किती वेळ सुटी होती, कूलंट कुठे सांडलं. ‘आपोआप झालं’ म्हणालात तर समोरचा माणूस पहिल्या तारेपासून शोधायला लागेल, आणि त्या तासांचे पैसे तुमच्या बिलात येतील.