शरणपूर रोडवरचं व्हिसाचं ऑफिस: बहिणीचा लाँग स्टे, आई-नानांचा शॉर्ट स्टे, आमचा पूर्ण अनुभव

आधीच सांगतो, लांब लिहिणार आहे. नाशिकमध्ये युरोपच्या व्हिसासाठी कुणाकडे जायचं हे आम्ही शोधत होतो तेव्हा सगळीकडे "बेस्ट सर्व्हिस, थँक्यू सर" एवढंच लिहिलेलं सापडायचं, त्यावरून शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला काय कळणार. आमचं या ऑफिसात दोनदा काम झालं, एकदा बहिणीचं जर्मनीला शिकायला जायचं आणि एकदा आई-नानांचं तिला भेटायला जायचं, आणि मधे एकदा दोन पैसे वाचवायला आम्ही दुसरीकडे गेलो आणि तिथं हात पोळून घेतले. ते पण सांगतो, कारण त्याशिवाय या ऑफिसची किंमत कळणार नाही.

ऑफिस शरणपूर रोडला, कॅनडा कॉर्नरच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, नानांच्या गुडघ्याला ते जिने जड गेले. गाडी लावायला जागा मिळत नाही, टू व्हीलरनेच जा. आत दोन टेबलं, एक सर आणि एक मॅडम, बस.

बहिणीचं काम म्हणजे डी टाइप, लाँग स्टे, जर्मन लोक त्याला नॅशनल व्हिसा म्हणतात. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर हाच लागतो. एप्रिल २०२५ च्या सेमिस्टरला ॲडमिशन होती आणि आम्ही डिसेंबरात फाईल घेऊन गेलो. सरांनी पहिला प्रश्न विचारला, एपीएस झालंय का? भारतातल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ते सर्टिफिकेट कंपल्सरी आहे, म्हणजे तुमच्या मार्कशीटा, डिग्री खऱ्या आहेत का ते आधी दिल्लीच्या एपीएस नावाच्या ऑफिसकडून तपासून घ्यायचं, फी १८ हजार. बहिणीनं ते ॲडमिशनच्या वेळीच करून ठेवलं होतं म्हणून वाचलो. आमच्या समोरच एक मुलगा बसला होता त्याचं एपीएस झालं नव्हतं, सरांनी त्याची फाईल घेतलीच नाही, "आधी ते करून या, मग माझे पैसे द्या" म्हणाले. मला तिथंच माणूस पटला.

मग ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच तिकडच्या खात्यात भरून ठेवायचा आणि तिथं पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२. आपल्या पैशात तेव्हा साडेदहा लाखांच्या पुढे गेलं, एज्युकेशन लोनमधून केलं. हे अकाउंट घरी बसून ऑनलाईन उघडता येतं, त्याचे मी काही घेणार नाही, हे सरांनी स्वतःहून सांगितलं. व्हिसा फी ७५ युरो, ती वेगळी. मोटिव्हेशन लेटर मात्र त्यांनी लिहून दिलं नाही. बहिणीला तीनदा लिहायला लावलं. पहिल्या वेळी तिनं नेटवरून उचललेलं आणलं, मॅडमनी दोन ओळी वाचून परत दिलं की यात तू कुठंय? तेव्हा बहीण चिडली होती. तिसऱ्या वेळी तिनं अंबडच्या कंपनीत इंटर्नशिप करताना काय शिकली आणि हाच कोर्स का पाहिजे ते साध्या भाषेत लिहिलं, तेच लेटर गेलं. मार्चमध्ये व्हिसा आला. तिकडे गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता रजिस्टर करायचा, मग रेसिडेन्स परमिटला अर्ज करायचा, डी व्हिसाची मुदत संपायच्या आत, हे सगळं मॅडमनी एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं. तो कागद बहिणीनं तिकडे भिंतीला चिकटवलाय.

आता चूक आमची. आई-नानांना भेटायला जायचं ठरलं तेव्हा एका ओळखीच्यानं दुसरा एजंट सुचवला, दोघांचे मिळून या ऑफिसपेक्षा पाच हजार कमी. नाव घेत नाही. हा व्हिसा सी टाइप, शेंगेन, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, युरोपातल्या २९ देशांत चालतो. त्या माणसानं पहिल्याच भेटीत "गॅरंटी" म्हटलं. नानांच्या खात्यावर पैसे कमी दिसतात म्हणून चार लाख कुठून तरी आणून टाका म्हणाला, आम्ही मामांकडून आणून टाकले. हॉटेलचं बुकिंग त्यानंच केलं आणि कागद निघाल्यावर लगेच कॅन्सल केलं, हे आम्हाला नंतर कळलं. आधी तर तो म्हणत होता की जर्मनीची अपॉइंटमेंट लांबची आहे तर दुसऱ्या एका देशाच्या नावानं टाकू, तिथून जर्मनीला जा. नियम असा आहे की जिथं जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. बहिणीनं फोनवर रडून ते थांबवलं, नाहीतर ते पण केलं असतं आम्ही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघांचे पासपोर्ट रिफ्युजलच्या कागदासकट परत आले. त्या कागदावर ठरलेल्या कारणांची यादी असते आणि जे लागू त्याला खूण. आमच्या दोन खुणा होत्या: प्रवासाच्या कारणाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदत संपायच्या आत परत जातील याबद्दल शंका. नानांनी तो कागद चार-पाच वेळा माझ्याकडून वाचून घेतला. "मी परत येणार नाही असं त्यांना का वाटलं रे, माझी बाग इथंय" असं म्हणाले, ते माझ्या अजून डोक्यातून गेलं नाही.

एजंट म्हणाला अपील टाकू, पंधरा हजार द्या. त्या दिवशी मी जुन्या ऑफिसला गेलो, लाज वाटत होती पण गेलो. सरांनी एका शब्दानं टोचलं नाही. कागद बघितला आणि सांगितलं की जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून ती अपिलाची सोयच बंद केलीय, आता एक तर बर्लिनच्या कोर्टात जा नाहीतर नवीन अर्ज करा, आणि तुमच्या केसला नवीन अर्जच बरोबर. म्हणजे तो माणूस जे दुकान बंद झालंय त्याचे पैसे मागत होता.

यापुढचं जे काम या ऑफिसनं केलं त्यासाठी मी हे लिहितोय. सरांनी नानांना समोर बसवून तासभर फक्त शेतीबद्दल विचारलं. किती एकर, कुठली व्हरायटी, माल कुठं जातो, छाटणी कधी. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेतीचं उत्पन्न टॅक्स फ्री असल्यामुळे नानांच्या आयटीआरमध्ये जवळजवळ काही दिसतच नाही, आणि आधीच्या एजंटनं तोच आयटीआर लावून दिला होता, वर ते चार लाख. सर म्हणाले की कागद बघणाऱ्याला काय दिसलं असेल, की या माणसाला उत्पन्न नाही आणि अर्जाच्या आधी पंधरा दिवस एकदम चार लाख आले. आमचं आम्हालाच वाईट वाटलं ते ऐकून, खरंच तसंच दिसत होतं.

मग त्यांनी कागदांची यादी दिली. डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), ऑनलाईन निघतो, सातबाऱ्याला १५ रुपये. सातबाऱ्यावर काकांचं पण नाव आहे, तर नानांचा हिस्सा किती ते वेगळं लिहून. तीन वर्षांच्या व्यापाऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, आणि त्या-त्या तारखेला बँकेत जमा झालेली रक्कम हायलायटरनं जोडून दाखवलेली, पट्टी क्रमांक एक, एंट्री क्रमांक एक असं. गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा उतारा पण मागितला, आम्ही म्हटलं कर्ज कशाला दाखवायचं, तर म्हणाले की वेळेवर फेडलेलं पीककर्ज ही चांगली गोष्ट आहे, लपवायची नाही. आणि विचारलं की बाग ग्रेपनेटला, म्हणजे एक्सपोर्टच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीत, रजिस्टर आहे का. आहे, आमचा माल एक्सपोर्टला जातो. तर त्या प्लॉटचं रजिस्ट्रेशन पण लावलं. सगळ्या मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर मॅडमनी करून घेतलं, शब्द तपासून, "पट्टी"ला काय म्हणायचं यावर त्यांनी नानांनाच दोनदा फोन केला.

मामांचे चार लाख परत केले आणि ते का आले, का गेले ते कव्हर लेटरमध्ये सरळ लिहिलं. आधीचा रिफ्युजल पण लिहिला, त्याची नोंद शेंगेन देशांच्या व्हीआयएस या व्हिसा नोंदींच्या सिस्टिममध्ये पाच वर्षं राहते, मग लपवून काय मिळणार. आणि लेटरचा मुख्य मुद्दा होता गोडी छाटणी. १ ते २२ सप्टेंबर जाणार, कारण ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी बागेचं काम थोडं हलकं असतं, आणि छाटणीला मालक हजर पाहिजेच, नाहीतर वर्षाचं पीक हातचं जातं. मागच्या वर्षीच्या छाटणीच्या मजुरीचा हिशोब जोडला. परत का येणार हे इतक्या सोप्या शब्दांत पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, नानांना मराठीत वाचून दाखवलं तर ते नुसती मान हलवत राहिले.

बहिणीकडून बोलावणं, तिच्या परमिटची आणि पत्त्याच्या नोंदणीची कॉपी, कॉलेजचं पत्र आलं. ती एका खोलीत राहते म्हणून जवळचं गेस्ट हाऊस खरोखर बुक केलं. विमानाचं फक्त रिझर्व्हेशन लावलं, व्हिसा मिळायच्या आधी तिकीट काढायला लागत नाही. इन्शुरन्स कमीत कमी ३० हजार युरोचा पाहिजे. फी माणशी ९० युरो, जून २०२४ पासून, आधी ८० होती, आणि नकार आला तरी परत मिळत नाही, म्हणजे आमचे पहिले गेले ते गेलेच.

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला अर्ज द्यायला गेलो. पहिल्या अर्जाला दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने चालतात म्हणून आम्हाला वाटलं यावेळी नाही लागणार, पण नानांचे पुन्हा घेतले. पहिल्या वेळी पण त्रास झाला होता, कात्री आणि मातीनं बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. सरांनी आधीच सांगितलं होतं की आठवडाभर रात्री खोबरेल लावा आणि जाताना हात कोरडे ठेवा. दुसऱ्या प्रयत्नात आले.

अकराव्या दिवशी कुरिअरनं पासपोर्ट घरी, दोघांचे व्हिसा लागलेले. सरांनी स्टिकर वाचायला शिकवलं, ते पण महत्त्वाचं आहे: तारखा जरा जास्त दिवसांच्या दिसतात पण राहायचे दिवस वेगळे लिहिलेले असतात, तेवढेच दिवस राहायचं, तारखेवर जायचं नाही.

आता जे पटलं नाही ते. फोन उचलत नाहीत, जुलैत तर अजिबात नाही, व्हॉट्सॲपला रात्री दहानंतर उत्तर येतं. त्यांच्याकडचा इन्शुरन्स आम्हाला ऑनलाईनपेक्षा महाग पडला, तो तुम्ही स्वतः काढा, ते अडवत नाहीत. आणि एक मोठी चूक झाली, आईच्या पॉलिसीवर नाव पासपोर्टप्रमाणे नव्हतं, मधलं नाव गाळलं होतं. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री बहिणीच्या लक्षात आलं. मॅडमनी सकाळी आम्ही कसारा घाटात असताना नवीन कॉपी पाठवली आणि माफी मागितली, पण रात्रभर आई झोपली नाही. एवढ्या बारकाईनं काम करणाऱ्यांकडून हे व्हायला नको होतं. त्याचा एक स्टार कमी, म्हणून चार.

पैसे: बहिणीचे १२ हजार, आई-नानांचे प्रत्येकी ६ हजार, भाषांतर धरून. नोकरीवाले असाल, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, रजेचं पत्र सगळं नीट असेल तर शॉर्ट स्टेचा फॉर्म स्वतः भरता येतो, एजंटची गरज नाही, हे सर पण सांगतात. पण घरात शेती असेल, आयटीआर रिकामा असेल किंवा एकदा नकार आला असेल तर इथं जा. शनिवारी जाऊ नका, खूप गर्दी असते. आणि कुणीही "गॅरंटी" म्हटलं तर तिथून उठा, व्हिसा द्यायचा की नाही हे फक्त कॉन्सुलेट ठरवतं.

आई-नाना २२ सप्टेंबरला परत आले, छाटणी वेळेवर झाली. मी सरांना पेढे द्यायला गेलो तर त्यांनी लगेच काम सांगितलं: दोघांचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या झेरॉक्स काढून फाईलला लावा. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये नियम आलाय की तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री मिळू शकतो, आणि बहिणीचं कॉन्व्होकेशन अजून व्हायचंय. आईनं ती फाईल सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलीय, कपाटात, वरच्या कप्प्यात.